अंतर तेवढंच, मग वेळ का वेगळी? : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत विमानप्रवासाचे प्रश्न भरपूर आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि ठाण्यापासून पनवेलपर्यंत घराघरांत नवे हिशेब सुरू झाले, त्याचा हा परिणाम असावा. बऱ्याच पत्रांचा सूर एकच आहे: दोन विमानतळांमधलं अंतर ठरलेलं असताना तिकीट एक वेळ सांगतं, मोबाइल दुसरी आणि प्रत्यक्षात लागते तिसरीच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मुंबई ते लंडन अंतर मी तीन ठिकाणी पाहिलं. एकीकडे ७,२०७, दुसरीकडे ४,४७८, तिसरीकडे ३,८९२. यातलं खरं कोणतं?
(वाचक, कोपरखैरणे)

तिन्ही खरे. पहिला आकडा किलोमीटरमध्ये आहे, दुसरा रस्त्याच्या मैलात आणि तिसरा नॉटिकल मैलात. रस्त्याचा मैल १.६०९ किलोमीटरचा, नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. गुणून पाहा, तिन्ही वाटा ७,२०७ च्या आसपास येऊन मिळतात. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक नॉटिकल मैलात बोलतात. विमान कंपन्यांच्या पॉइंट योजनांत साधा मैल असतो. आपल्या डोक्यात किलोमीटर असतो. नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं, तर कोणता मैल ते आधी पाहावं, नाहीतर हिशेब १५ टक्क्यांनी चुकतो.

हे अंतर मोजलं जातं ते पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेने. विमान नेमकं त्याच वाटेने जाईल असं नाही. ते पुढे येईलच.

अकरावीत आहे. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश दिले असतील, तर अंतर स्वतः कसं काढायचं? मी काढलं तर भलतंच उत्तर आलं.
(वाचक, ठाणे पूर्व)

आकडे घेऊनच करू. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचं हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: ७३.३२ अंश. दोन्ही पूर्वेला असते, तर वजाबाकी केली असती.

पहिली पायरी: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार. ०.३२७१ गुणिले ०.७८२३, म्हणजे ०.२५५९. दुसरी पायरी: दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार. ०.९४५० गुणिले ०.६२२९ गुणिले ०.२८७०, म्हणजे ०.१६८९. दोन्हींची बेरीज ०.४२४८. आता उलटा कोसाइन घ्या: ६४.८६ अंश. पृथ्वीच्या केंद्रापाशी मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये होणारा कोन तो हा.

पुढचं काम सोपं आहे. एका अंशात ६० नॉटिकल मैल असतात, मुळात नॉटिकल मैलाची कल्पनाच तिथून आली आहे. ६४.८६ गुणिले ६० म्हणजे ३,८९२ नॉटिकल मैल, आणि त्याला १.८५२ ने गुणलं की ७,२०७ किलोमीटर. वरच्या प्रश्नातले आकडे असे आले.

तुझं उत्तर भलतंच येण्याची कारणं बहुधा या तिघांपैकी एक. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असणं, ही सर्वांत जास्त होणारी चूक. ‘साइन ३०’ दाबून पाहा, ०.५ यायला हवा. दुसरी चूक मिनिटांची. १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे. पाचाला साठाने भागायचं, ते १९.०८३ होतात. तिसरी चूक पश्चिमेचा रेखांश पूर्वेचा समजण्याची. लंडनच्या बाबतीत ती लपून जाते, कारण रेखांश शून्याला खेटून आहे. न्यूयॉर्क घेतलंस की ते थेट चीनच्या बाजूला जाऊन बसेल.

एक गंमत करून पाहा. याच सूत्राने मुंबई विमानतळ ते नवी मुंबई विमानतळ अंतर काढ आणि प्रत्येक पायरीला चारच दशांश स्थळं ठेव. शेवटची बेरीज १.०००० येते आणि अंतर शून्य! कोन इतका लहान असतो, की त्याचा कोसाइन एकपासून सहाव्या दशांश स्थळी हलतो. जवळच्या ठिकाणांसाठी हे सूत्र वापरत नाहीत, त्याचं कारण हेच. तिथे सरळ पायथागोरस चालतो: अक्षांशातला फरक ०.१० अंश गुणिले १११, म्हणजे ११ किलोमीटर. रेखांशातला फरक ०.२० गुणिले १११ गुणिले कोसाइन १९, म्हणजे २१ किलोमीटर. कर्ण निघतो २४ किलोमीटरच्या आसपास.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७. त्यामुळे या पद्धतीत फार तर अर्धा टक्का चूक राहते. प्रकल्पाच्या वहीला ती चालते.

मुलाचं तिकीट काढलं. मुंबईहून दुपारी १:३० ला निघून लंडनला संध्याकाळी ६ ला पोचतं. म्हणजे साडेचार तास. येताना मात्र रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० ला, म्हणजे साडेचौदा तास. एवढा फरक कसा? एजंट म्हणतो, “तिकीट बरोबर आहे.”
(वाचक, खारघर)

एजंट बरोबर सांगतोय. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. दोन वेगळ्या घड्याळांची वजाबाकी केली, म्हणून हा घोळ झाला. आपलं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात त्या वेळेवरच असतं.

सरळ पद्धत अशी. दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा आणि मगच वजाबाकी करा. लंडनचे संध्याकाळचे ६ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ११:३०. दुपारी दीडपासून साडेअकरापर्यंत दहा तास. परतीला लंडनचे रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे अडीच, आणि तिथून सकाळी साडेअकरापर्यंत नऊ तास. दहा आणि नऊ यांतला फरक वाऱ्याचा आहे, त्याचा प्रश्न खाली घेतला आहे.

आता यातली खोच. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. उन्हाळ्यात आपल्यातला फरक साडेचार तासांचा उरतो. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. न्यूयॉर्कशी फरक हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात, की अमेरिकेने घड्याळ बदललेलं असतं आणि युरोपने नाही. त्या दिवसांत लंडनला विमान बदलून न्यूयॉर्कला जाणाऱ्यांचे पाठ असलेले आकडे चुकतात. दुबई (दीड तास मागे) आणि सिंगापूर (अडीच तास पुढे) यांच्याकडे घड्याळ बदलण्याची भानगड नाही.

तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+१’ असतो, तो पुढच्या तारखेचा. तो न पाहिल्याने आणायला जाणारी मंडळी एक दिवस आधी जाऊन उभी राहतात. त्याहून महागात पडणारी चूक जाताना होते. १५ तारखेचं रात्री १२:४० चं विमान म्हणजे १४ तारखेला रात्रीचं जेवण उरकून घरातून निघायचं. १५ च्या रात्री बॅगा घेऊन गेलात, तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. ‘आला नाही’ अशी नोंद झाली, की अनेक भाड्यांत परतीचं तिकीटही रद्द होतं. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतरची आहेत. कॅलेंडरवर खूण करायची ती निघण्याच्या रात्रीची करा.

मुंबई–दिल्ली विमान हवेत एक तास चाळीस मिनिटं असतं. तिकिटावर मात्र सव्वादोन तास. कंपन्या वेळ फुगवतात का?
(वाचक, कळवा)

थोडी फुगवतात. पण सगळा फरक फुगवलेला नाही.

विमान उभं असताना चाकांपुढे-मागे पिवळे ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं तिथपासून, पोचल्यावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा काळ म्हणजे तिकिटावरची वेळ. त्यात ट्रॅक्टरने विमान मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं आणि तिथली रांग हे सगळं आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हीवर एकाच वेळी मोकळेपणाने विमानं उतरवता-उडवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी पंधरा-वीस मिनिटं जमिनीवरच जातात. दिल्लीत दूरच्या धावपट्टीवर उतरलात, तर पुन्हा दहा-पंधरा.

फुगवण्याचं कारण वेगळं. विमान ‘वेळेवर’ धरलं जातं ते वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत असेल तर. त्यामुळे कंपन्या रोजच्या अनुभवावरून थोडी सैल वेळ छापतात. म्हणूनच “आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत” ही घोषणा अधूनमधून कानावर येते.

हवेतसुद्धा विमान सगळा वेळ पूर्ण वेगाने जात नाही. मोठी विमानं वर गेल्यावर तासाला ९०० किलोमीटरच्या आसपास धावतात, दिल्ली-नागपूरसारख्या मार्गांवरची लहान जेट ८३० च्या आसपास. पण दहा हजार फुटांच्या खाली मर्यादा २५० नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), म्हणजे तासाला ४६३ किलोमीटरची. चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. उतरण्याचा हिशेब वैमानिक तोंडी करतात: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३६ हजार फुटांवरून उतरायचं, तर १०८ नॉटिकल मैल आधी, म्हणजे २०० किलोमीटर आधी सुरुवात. दिल्लीहून मुंबईला येताना सुरत मागे पडली, की कानांत दडे बसायला लागतात ते याचमुळे.

घरबसल्या अंदाज बांधायचा, तर एक आडाखा उपयोगी पडतो: किलोमीटरला ८०० ने भागा आणि वर पाऊण तास मिळवा. नागपूर सुमारे ६८० किलोमीटर, उत्तर एक तास छत्तीस मिनिटं. दिल्ली १,१४०, उत्तर दोन तास अकरा. दुबई १,९३०, उत्तर तीन तास दहा. सिंगापूर ३,९१०, उत्तर पाच तास अडतीस. लंडन ७,२०७, उत्तर पावणेदहा तास. वेळापत्रक काढून ताडून पाहा, दहा-वीस मिनिटांच्या फरकाने जुळतं. लांब पल्ल्याच्या पूर्वेकडे येणाऱ्या विमानांना हा आडाखा जास्त वेळ सांगतो. पंख्याच्या एटीआर विमानांना तो मुळीच लावू नका. त्यांचा वेग ५०० च्या घरात असतो.

लंडनला जाताना दहा तास, येताना नऊ. पृथ्वी फिरते म्हणून का?
(वाचक, सीबीडी बेलापूर)

नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत असतं. फरक पडतो तो हवा जमिनीच्या तुलनेत वाहते म्हणून, म्हणजे वाऱ्याने.

विमानं जिथे उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या उत्तरेला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्याचा एक पट्टा उत्तर भारतावर येतो आणि त्यात तासाला दीडशे-दोनशे किलोमीटरचा वारा ही नवलाई नसते. विमान सगळा वेळ त्या पट्ट्यात नसतं, म्हणून वाटेवरची सरासरी ५० धरू. जाताना वारा समोरून: ९०० वजा ५०, म्हणजे ८५०, आणि ७,२०० किलोमीटरला आठ तास अठ्ठावीस मिनिटं. येताना पाठीमागून: ९५०, आणि सात तास पस्तीस मिनिटं. फरक ५३ मिनिटांचा. चढणं, उतरणं आणि जमिनीवरची वेळ दोन्हीकडे मिळवा, दहा आणि नऊचा मेळ बसतो.

“जाताना गमावलं ते येताना मिळालं, फिट्टमफाट झाली” असं अनेकांना वाटतं. होत नाही. वारा १०० धरून करा: जाताना नऊ तास, येताना सात तास बारा मिनिटं, बेरीज सोळा तास बारा मिनिटं. वारा नसता, तर नेमके सोळा. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा जास्त वेळ होतो आणि फायदा कमी वेळ. वारा नेहमी थोडा खाऊनच जातो.

पावसाळ्यात चित्र बदलतं. जेट प्रवाहाचा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारताच्या डोक्यावर खूप उंचावर पूर्वेकडून वारा वाहू लागतो. खाली नैर्ऋत्येचा मोसमी वारा, वर बरोबर उलटा. मुंबई–आखात मार्गावर जाता-येतानाचा जानेवारीतला फरक जुलैत आक्रसतो, तो यामुळे.

विमानात समोरच्या पडद्यावर वेग १,०८० दाखवत होता. आवाजाचा वेग ओलांडला का?
(वाचक, वाशी)

ओलांडला नाही. पडद्यावर जमिनीच्या तुलनेतला वेग असतो. विमान हवेत ९०० नेच जात होतं, पाठीमागून १८० चा वारा ढकलत होता. तेवढ्या उंचीवर, उणे ५६ अंश तापमानात आवाजाचा वेग सुमारे १,०६० किलोमीटर असतो आणि तो मोजायचा हवेच्या तुलनेत. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. त्याचा जमिनीवरचा वेग १,३०० च्या पुढे गेला होता. तरी आवाजाची भिंत त्याने फोडली नव्हती. प्रवाशांच्या कपातला चहा शांत होता की नाही, हा वेगळा मुद्दा.

सॅन फ्रान्सिस्को आमच्या भिंतीवरच्या नकाशात अगदी पश्चिमेच्या टोकाला आहे. मग सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाकडून जाते असं का सांगतात?
(वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

भिंतीवरचा नकाशा हे सोलून सपाट केलेलं संत्रं आहे. उत्तरेकडचे प्रदेश त्यात ताणून रुंद केलेले असतात. घरात पृथ्वीगोल असेल, तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. हिशेब केला तर ही वाट मुंबईहून उत्तरेच्या जेमतेम १४ अंश पूर्वेला निघते, सायबेरियाच्या वर ७७ अंश उत्तरेपर्यंत चढते, म्हणजे ध्रुवापासून दीड हजार किलोमीटरवर, आणि मग पलीकडे उतरते. अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. लंडनचंही तसंच. नकाशावर ते पश्चिमेला झुकलेलं दिसतं, पण सर्वांत जवळची वाट निघते ती वायव्येकडे, उत्तरेपासून ४१ अंशांवर.

मात्र दोऱ्याच्या रेषेवर वाटेत तिबेटचं पठार येतं आणि विमान कंपन्या ते टाळतात. विमानातल्या हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटपट दहा हजार फुटांपर्यंत उतरावं लागतं. डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांत प्राणवायू साधारण बारा ते पंधरा मिनिटांपुरताच असतो. तिबेटात जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर. उतरणार कुठे? म्हणून वळसा. मोबाइलवरच्या रेषेत आणि विमानाच्या खऱ्या वाटेत फरक पडतो, तो अशा कारणांनी.

लंडनला जाणाऱ्या भारतीय कंपनीच्या विमानाला परदेशी कंपनीपेक्षा जास्त वेळ का लागतो? अंतर तर तेच.
(वाचक, ऐरोली)

२४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद केलं. ३० एप्रिलपासून भारताने पाकिस्तानी कंपन्यांना बंद केलं. ही मुदत एकेक महिन्याने वाढवत नेली गेली. इतर देशांच्या कंपन्यांना ही बंदी लागू नाही, त्या पाकिस्तानच्या आकाशातून जाऊ शकतात.

याचा मोठा फटका दिल्ली, अमृतसरसारख्या उत्तरेकडच्या शहरांना. तिथून पश्चिमेला जायचं, तर आधी खाली गुजरातकडे येऊन मग समुद्रावर जावं लागतं. मुंबईला समुद्र दारातच आहे. अरबी समुद्र ओलांडून ओमानकडे गेलं की वाट मोकळी, म्हणून आपला वळसा लहान. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत हेच झालं होतं.

वळसा वाढला, की इंधन वाढतं. इंधन वाढलं, की वजन वाढतं आणि ते वजन वाहून न्यायला आणखी इंधन लागतं. अगदी लांबच्या मार्गांवर मग प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो, नाहीतर मध्ये उतरून टाकी भरावी लागते. २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेची काही भारतीय विमानं व्हिएन्नाला उतरत होती, ती यासाठी. तिकीट काढताना ‘थेट’ या शब्दावर जाऊ नका. एकच क्रमांक असलेलं विमान मध्ये थांबलं, तरी ते ‘थेट’ म्हणवतं. न थांबणारं हवं असेल, तर थांब्यांच्या रकान्यात शून्य आहे का ते पाहा.

न्यूयॉर्कला दुबईमार्गे जाणं म्हणजे उगाच उलटं फिरणं, असं यजमान म्हणतात. खरं आहे का?
(वाचक, नेरूळ)

किलोमीटर पाहा. मुंबई–न्यूयॉर्क सरळ १२,५५० च्या आसपास. दुबईमार्गे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०. जास्तीचे फक्त ४००. फ्रँकफर्टमार्गे ६,५७० अधिक ६,१८५, म्हणजे सुमारे १२,७५५. लंडनमार्गेही जवळपास तेवढेच. तिन्ही शहरं जवळजवळ वाटेवरच आहेत. उलटं फिरणं म्हणावं, तर सिंगापूरमार्गे: ३,९१० अधिक १५,३४९, एकूण एकोणीस हजारांच्या वर. त्यातला सिंगापूर–न्यूयॉर्क हा टप्पा न थांबता पावणेएकोणीस तासांच्या आसपास उडतो आणि जगातल्या सर्वांत लांब नियमित विमानफेऱ्यांत मोडतो.

वेळ वाढतो तो किलोमीटरमुळे नव्हे, थांब्यामुळे. एकदा जास्त उतरणं-चढणं आणि जमिनीवर सरपटणं म्हणजे पाऊण तास, शिवाय मधला मुक्काम. तो किती असावा, हे पाहताना दोन गोष्टी तपासा. पहिली, दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर आहेत का. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. दोन स्वतंत्र तिकिटं स्वस्त पडली म्हणून घेतलीत, तर दुसरं तिकीट बुडालं ते तुमचं, आणि बॅगाही मध्ये उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. दुसरी, थांबा अमेरिकेतच असेल तर अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे इमिग्रेशन करून, पट्ट्यावरून बॅगा घेऊन, कस्टम पार करून पुन्हा द्यायच्या असतात. एकाच तिकिटावर असलात तरी. तिथे दीड तासाचा थांबा म्हणजे धावपळ. तीन तास ठेवा. ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आणि बदलते असतात. पैसे भरण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावं.

ठाण्यातून नवी मुंबई विमानतळ बरा की मुंबईचा? विमानाच्या वेळेत काही फरक पडतो का?
(वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

आकाशात पडत नाही. दोन विमानतळांत सरळ २४ किलोमीटरचं अंतर. लंडनला नवी मुंबईहून साधारण २२ किलोमीटर जास्त पडतात, म्हणजे दीड मिनिट. फरक सगळा रस्त्यावर.

ठाणे स्थानकापासून सरळ रेषेत मुंबई विमानतळाचं सहारचं टर्मिनल (टर्मिनल दोन) १४ किलोमीटर आणि नवी मुंबई विमानतळ २५. रस्त्याने अनुक्रमे वीसेक आणि पस्तीसेक. ऐरोलीतही सहार जवळ: १५ विरुद्ध २०. घणसोली-कोपरखैरण्याला दोन्ही जवळपास सारखे होतात आणि वाशीपासून पुढे नवी मुंबईचं पारडं जड. पण किलोमीटरवर निर्णय घेऊ नका. ठाण्याहून सहारला जाताना पूर्व द्रुतगती मार्ग आणि जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी जी कोंडी होते, तिच्यापुढे ठाणे–बेलापूर रस्त्याचे जास्तीचे पंधरा किलोमीटर कधी कधी परवडतात. रात्री अकरानंतर निघणार असाल, तर सहारच.

सामान हलकं आणि विमान दिवसाचं असेल, तर गाडीची गरजही नाही. ठाण्याहून जलद लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने चौथं स्टेशन मरोळ नाका, तिथे खाली उतरून भुयारी मेट्रो तीन पकडली, की पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन. टर्मिनल एक त्याच्या पुढे दोन स्टेशनांवर. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मोठी बॅग घेऊन ठाण्याच्या जलद लोकलमध्ये चढण्याचा विचारसुद्धा करू नका. घाटकोपरला उतरणं तुमच्या हातात राहत नाही. मेट्रो रात्रभर चालत नाही, त्यामुळे मध्यरात्रीनंतरच्या विमानाला जाताना शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहावी.

आणि तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत वाचा. मुंबईसाठी ‘बीओएम’, नवी मुंबईसाठी ‘एनएमआय’. शोधताना नुसतं ‘मुंबई’ लिहिलं, तर दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. जाताना एक आणि येताना दुसरा असंही तिकीट निघतं. गाडी एका विमानतळावर लावून गेलात आणि उतरलात दुसऱ्यावर, तर टॅक्सीचं भाडं आणि पार्किंगचे दिवस दोन्ही अंगावर. बहुतेक कंपन्यांची बॅगा घेण्याची खिडकी देशांतर्गत विमानाला साठ मिनिटं आधी बंद होते, तेव्हा चुकीच्या विमानतळावर पोचलेल्याला दुसरा गाठायला वेळ उरत नाही.